सर्फिंग करताना रिप करंटमध्ये सापडलो तर नेमकं काय करायचं?

सहकारनगरचा_मासा

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही चौघं मित्र सर्फिंग शिकायला मुल्कीला चाललोय. मंगळूरच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे. पोहता चौघांनाही येतं, पण तलावातलं. समुद्राशी ओळख म्हणाल तर काशिदला पँट दुमडून काढलेले फोटो.

रिप करंटबद्दल (किनाऱ्यापासून समुद्राकडे ओढून नेणारा पाण्याचा प्रवाह) जेवढं वाचतोय तेवढा गोंधळ वाढतोय. एक जण म्हणतो, किनाऱ्याला समांतर पोहा. दुसरा म्हणतो, अजिबात पोहू नका, नुसतं तरंगा, पाणीच परत आणून सोडतं. आणि सर्फर मंडळी तर म्हणे मुद्दाम त्यातच शिरतात, कारण फुकटात आत जाता येतं. मग खरं कुणाचं? शिवाय हे सगळे सल्ले नुसत्या पोहणाऱ्यांसाठी दिसतात. पायाला आठ फुटी बोर्ड बांधलेला असेल तर तो धरायचा, सोडायचा की वर चढून बसायचं?

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. घरी अजून सांगितलेलं नाही. आईच्या समजुतीप्रमाणे आम्ही कोल्लूरला मूकाम्बिकेच्या दर्शनाला चाललोय.

बोका

पुणेकर समुद्रावर सल्ले देणार. पुढच्या रांगेतली खुर्ची धरली आहे.

कोथरूडची_काकू

आधी आईला खरं सांगा. बाकी प्रश्न चांगला आहे, वाचतेय.

वल्हेवाली

मी गोव्यात अश्वेला आणि मुल्कीला, दोन्हीकडे सर्फ करते. तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच महत्त्वाचा आहे.

बोर्ड सोडायचा नाही. शिकाऊ लोकांना जो जाडा फोमचा बोर्ड देतात त्याच्यावर माणूस दमला तरी तासन् तास तरंगू शकतो. तो लांबून दिसतो. आणि त्यावर पालथं पडून हातांनी वल्हवलं की साध्या पोहण्यापेक्षा वेग जास्त मिळतो. नुसता पोहणारा रिपमध्ये सापडला तर त्याच्याकडे स्वतःच्या दमाशिवाय काही नसतं. तरीही लोक घाबरले की घोट्याची लीश (पायाला बोर्ड बांधणारी दोरी) काढून किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारायला लागतात. मी हे डोळ्यांसमोर बघितलंय. आमच्या गटातला एक दणकट मुलगा, जिमवाला, कमरेभर पाण्यात उभा होता. एक मोठा सेट (लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटा) येऊन गेला आणि त्याचे पाय सुटले. त्याने काय करावं, तर बोर्ड बाजूला ढकलला! बोर्ड लीशला ताण देऊन एकीकडे, हा दुसरीकडे, आणि तोंड किनाऱ्याकडे. प्रशिक्षक शिट्टी मारत ओरडत होता, ‘बोर्डपे लेट, बोर्डपे लेट’. पण त्याला ऐकू येत असेल असं वाटत नाही. शेवटी प्रशिक्षक स्वतःचा बोर्ड घेऊन गेला, त्याला मानगुटीला धरून पालथा घातला आणि दोघं आडवे वल्हवत पन्नासेक मीटर पलीकडच्या फेसात आले. तिथून लाटेनेच त्यांना वाळूवर आणून टाकलं.

तेव्हा तुझ्यासाठी: लीश ओढून बोर्ड जवळ घे. त्यावर पालथा पड, दोन्ही कडा घट्ट धर आणि आधी श्वास जागेवर येऊ दे. मग मान वर करून बघ की लाटा कुठे फुटतायत. जिथे पांढरा फेस आहे तिथे पाणी उथळ आहे आणि ते किनाऱ्याकडे चाललंय. तिकडे आडवं वल्हव. फेसात पोचलास की पालथाच राहा, उभं राहायची हौस तेवढ्यापुरती आवर. वल्हवूनही जागचा हलत नसशील तर बोर्डवर बस आणि एक हात उंच करून हलव. मदत हवी असल्याची ती खूण सगळीकडे कळते.

लीश काढायची वेळ एकच, ती खडकात अडकून तुला पाण्याखाली धरून ठेवत असेल तेव्हा. मुल्कीत शिकवतात त्या वाळूच्या भागात ती वेळ यायची नाही.

शंकेखोर

पण असे करंट खाली ओढतात ना? आमच्याकडे सगळे असंच सांगतात, की पाय धरून खाली नेतो.

निवृत्त_फिजिक्स

नाही. खाली नाही, बाहेर ओढतो. फरक समजून घ्या, कारण घाबरणं निम्मं तिथेच कमी होतं.

लाटा फुटतात तेव्हा पाणी किनाऱ्याकडे ढकललं जातं आणि तिथली पातळी किंचित चढते. ते पाणी परत जायला वाट शोधतं. पाण्याखाली किनाऱ्याला समांतर वाळूचे बांध असतात. त्यांत जिथे खिंड असते, किंवा जिथे खडक, धक्का, जेट्टी असते, तिथून ते पाणी अरुंद पट्ट्याने समुद्राकडे निघतं. लाटांच्या फुटण्याच्या रेषेपलीकडे गेलं की पसरतं आणि त्याचा जोर मरतो. लोक बुडतात ते खाली खेचले जाऊन नव्हे, परतायच्या धडपडीत दम संपतो म्हणून.

आता वेग. साधारण रिप सेकंदाला ३० ते ६० सेंटिमीटरचा असतो, पण अडीच मीटरच्या आसपास वेगही मोजले गेलेत. तुम्ही तलावात २५ मीटर ४० सेकंदांत कापत असाल (हौशी माणसाला हे चांगलंच म्हणायचं), तर तुमचा वेग सेकंदाला साठेक सेंटिमीटर. म्हणजे साध्या रिपविरुद्धही तुम्ही जीव तोडून पोहत जागच्या जागी राहणार. अडीच मीटरच्या रिपपुढे तर ऑलिंपिकमधला १०० मीटरवाला पदकविजेताही मागेच जाईल, त्याची धाव सेकंदाला दोन मीटरच्या थोडी वर असते. त्यामुळे ‘मला चांगलं पोहता येतं’ हे वाक्य मुल्कीला जाताना पुण्यातच ठेवून जा.

आणखी एक. त्या खिंडीत पाणी खोल असल्याने तिथे लाटा कमी फुटतात. वाळूवर उभं राहून बघितलं की तोच पट्टा शांत, गडद, अगदी उतरायला सोयीचा दिसतो. नवखी कुटुंबं पोरांना घेऊन नेमकी तिथे उतरतात.

बोका

फिजिक्सकाका, ४० सेकंदांत २५ मीटर हौशी माणसाला चांगलं? मी ते अंतर एका दमात कापलं तरी घरी पेढे वाटतात.

चहाबाज

+१. माझा वेग तर वाहून गेलेल्या चपलेइतका आहे.

सदाशिव_पेठी

यात एवढं अवघड काय आहे? विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडला गर्दीच्या लोंढ्यात सापडलात तर उलट्या दिशेने घुसता का? नाही. लोंढ्याबरोबर चार पावलं जायचं, हळूहळू कडेला सरकायचं, आणि बोळ आला की आत शिरायचं. मग बोळाबोळांतून घरी.

वल्हेवाली

सदाशिव_पेठी, दंडवत. पुढच्या वेळी नवख्यांना हेच सांगणार.

चहाबाज

त्या बोळात पेठेतले काका ‘येथे उभे राहू नये’ची पाटी घेऊन बसलेले असतात त्याचं काय?

सिडनीची_सुमा

माहेर नारायण पेठ, त्यामुळे लक्ष्मी रोडचं उदाहरण पोचलं :)

तरंगायचं की आडवं पोहायचं, यावर इकडे बरीच वर्षं वाद चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पूर्वी सरसकट ‘समांतर पोहा’ असंच शिकवत. मग २०१० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला जेमी मॅकमेहान आणि सहकाऱ्यांनी रिपमध्ये जीपीएस लावलेले तरंगते मापक सोडले. त्यातले ८० ते ९० टक्के बाहेर समुद्रात गेलेच नाहीत, गोल फिरून काही मिनिटांत फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात परत आले. त्यावरून ‘नुसतं तरंगा’वाले उभे राहिले. पण उरलेले बाहेर गेले, हेही त्याच प्रयोगात दिसलं. आणि पाणी गोल फिरत असेल तर समांतर पोहणारा चुकीच्या बाजूला वळला की त्या गोलाच्याच विरुद्ध पोहत बसतो. नंतर इकडे ऑस्ट्रेलियात माणसांना जीपीएस लावून रिपमध्ये पाठवलं, काहींना तरंगायला सांगितलं, काहींना पोहायला. दोन्हीपैकी एकही उपाय प्रत्येक वेळी चालतोच असं निघालं नाही.

म्हणून आता इथे साधारण असं सांगतात: आधी तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि अंगात दम असेल तर फुटणाऱ्या लाटांच्या दिशेने आडवे जा. एका बाजूला जाऊन फरक पडत नसेल तर दुसरी बाजू धरा. वल्हेवालीने सांगितलंय ते याच्याशी जुळतं.

इथल्या बाँडाय किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला कायमचा एक रिप आहे, त्याला ‘बॅकपॅकर्स रिप’च म्हणतात, कारण नवखे पर्यटक तिथे हमखास सापडतात. वरच्या फुटपाथवरून बघितलं तर स्वच्छ दिसतो, फेसाच्या दोन पट्ट्यांमधून गडद वाट गेलेली. खाली वाळूवर उतरलं की तीच वाट पुसट होते. रॉब ब्रँडर म्हणून विद्यापीठातले प्राध्यापक आहेत, ‘डॉ. रिप’ म्हणतात त्यांना. ते पाण्यात जांभळा रंग सोडून हे दाखवतात. रंग सुरुवातीला पायाशी घोटाळतो, मग बाजूला सरकतो आणि एकदम सुसाट बाहेर निघतो. त्याचे व्हिडिओ चौघांनी एकत्र बसून बघा.

याच बाँडायला ६ फेब्रुवारी १९३८ ला लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि एका झटक्यात अडीचशेच्या आसपास लोक बाहेर ओढले गेले. पाच जण दगावले. जीवरक्षक मोठ्या संख्येने तिथेच हजर होते, म्हणून आकडा तेवढ्यावर राहिला.

शंकेखोर

म्हणजे ऑस्ट्रेलियात जीवरक्षक, झेंडे सगळं आहे, तरंगत राहिलं की कुणीतरी येतं. आपल्याकडे कोकणात तरंगत राहिलं तर कोण येणार?

सिडनीची_सुमा

रास्त मुद्दा. माझ्याकडे याचं उत्तर नाही.

वल्हेवाली

गोव्यात येतात. २००८ पासून तिथल्या किनाऱ्यांवर ‘दृष्टी’चे जीवरक्षक असतात, लाल-पिवळे झेंडे लावतात, दोन झेंड्यांच्या मधे पोहायचं. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचंच नाही. सर्फ स्कूलमध्ये असाल तर प्रशिक्षक पाण्यात तुमच्याबरोबर असतो. शंकेखोरांचा प्रश्न खरा लागू होतो तो शनिवारी पहाटे ताम्हिणीतून उतरून दिवेआगरला पोचणाऱ्या गाड्यांना.

हर्णैकर

आता आमचं ऐका. वरचं सगळं लाटांनी होणाऱ्या ओढीबद्दल आहे. आमच्याकडे दुसरी भानगड असते, ती खाडीच्या तोंडाशी. आंजर्ल्याला जोग नदी मिळते, केळशीला भारजा. सुकती (ओहोटी) लागली की खाडीतलं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर पडायला लागतं आणि तासन् तास पडत राहतं. हे गोल फिरून परत वगैरे आणत नाही. तिथे ‘नुसतं तरंगा’ म्हणणाऱ्याला मी विचारीन, तरंगत कुठे जायचंय, ओमानला?

तोंडापासून लांब उतरायचं, हा एकच उपाय. त्यातून सापडलातच तर बाहेर जायच्या आधी, जोर कमी आहे तोवर, वाळूच्या बाजूला आडवं निघायचं आणि ओरडायचं. होडीवाले असतात आसपास.

मुल्कीचं मी बघितलेलं नाही, पण नकाशात तिथेही नदी समुद्राला मिळताना दिसतेय.

वल्हेवाली

हर्णैकर, एकदम बरोबर. मुल्कीच्या जवळ ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी एकत्र होऊन समुद्राला मिळतात. तिथल्या तोंडाजवळच्या लाटा चांगल्या असतात म्हणून सर्फर जातात, स्पर्धाही होतात. पण नवख्यांना तिथे ओहोटीच्या वेळी कोणी सोडत नाही. मासा, आपल्या आपण बोर्ड भाड्याने घेऊन तिकडे जायचं नाही. पहिल्या दिवसांत कमरेभर पाण्यात, फेसाच्या लाटांवर उठायला शिकता तेवढं पुरे.

सर्फर मुद्दाम शिरतात ते का, हे राहिलंच होतं. लाटा फुटतात त्या पट्ट्यातून बोर्ड घेऊन बाहेर जाणं म्हणजे दर लाटेला थोबाडीत खाणं. रिपमध्ये लाटा फुटत नाहीत आणि पाणी त्याच दिशेने चाललेलं असतं, त्यामुळे दम वाचतो. पण ते शिरताना बाहेर कुठे पोचणार, तिथून कुठल्या लाटेवर परत येणार, हे आधी ठरवून शिरतात. ज्याला परतीची लाट पकडता येत नाही त्याच्यासाठी हा एकेरी रस्ता आहे.

आरती_ग

हर्णैकरकाका, भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची? आजोबा तिथीवरून काहीतरी करायचे.

हर्णैकर

सोपं आहे. तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. एक भरती दुपारी, एक पहाटे. तिथून सहा तासांनी सुकती. पुनव-अवसेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी हलतं.

निवृत्त_फिजिक्स

हा हिशेब अंदाजापुरता. मुंबई-रत्नागिरीकडे ठीक जमतो. दक्षिणेला वेळाही सरकतात आणि भरती-ओहोटीतला फरकही बदलतो. मुंबईकडे उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढतं-उतरतं, मंगळूरला ते जेमतेम दीड मीटर. मोबाइलवर त्या ठिकाणाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. लाटांच्या इशाऱ्यांसाठी हैदराबादच्या इन्कॉइसचं (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) पान आहे, किनाऱ्यावर उंच लाटांचा इशारा असेल तर तिथे दिसतो.

हर्णैकर

मोबाइलला रेंज नसली की मग आमची पाऊणपट आठवते बरोबर.

गाडीवान

ओहोटीला रिपचा जोर जास्त असतो म्हणतात, ते खरं का? का तो खाडीवालाच?

निवृत्त_फिजिक्स

दोन्ही वेगळे, पण हेही बऱ्याचदा खरं. पाणी उतरलं की वाळूच्या बांधांवर लाटा जास्त फुटतात आणि परतीचं पाणी खिंडींतूनच जायला लागतं. त्यामुळे पुष्कळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या आसपास जोर वाढतो. आणि मोठ्या लाटांचा सेट येऊन गेला की लगेच एक हबका येतो. कमरेभर पाण्यात असाल तर सेटनंतर पाय रोवून उभे राहा.

कोथरूडची_काकू

एक सांगते, सल्ला म्हणून नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला पुण्याच्या कॉलेजची सहल गेली होती, १४ मुलं-मुली बुडाली. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत ज्यांची पोरं कुठल्याही सहलीला गेली होती ते सगळे फोन लावत बसले होते. मासा, तुझी आई चिडेल, पण तिला कोल्लूर सांगून जाऊ नकोस.

गाडीवान

तोही रिपच होता ना?

वल्हेवाली

त्यावर इथे बसून अंदाज नकोत प्लीज.

डॉ_पाषाणकर

सहमत. त्यापेक्षा वाचवायला जाणाऱ्यांबद्दल लिहितो, कारण बुडणाऱ्याच्या मागे उडी मारणारा बाप किंवा मित्रही जातो, हे वारंवार होतं. हातात तरंगणारं काही असल्याशिवाय पाण्यात शिरू नका. बोर्ड, ट्यूब, पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन घट्ट झाकण लावून, थर्माकोलची मासळीची पेटी, काहीही. ते त्याच्याकडे फेका. एकाने त्या माणसावरची नजर हलवायची नाही आणि हाताने सतत दाखवत राहायचं. दुसऱ्याने ११२ लावायचा. समुद्रात आत गेला असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं, गोल फिरवणं, हे सगळं बंद करा. पाणी काढण्यात वेळ जातो आणि पोटातलं परत फुप्फुसात जातं. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबणं सुरू करा. बुडालेल्या माणसाला प्राणवायू कमी पडलेला असतो, त्यामुळे नुसती छाती दाबून भागत नाही. आणि माणूस उठून बसला, हसला, तरी खोकला किंवा धाप असेल तर हॉस्पिटलात न्यायचंच.

आरती_ग

डॉक्टर, हे वेगळ्या धाग्यावरही टाका ना. सोसायटीच्या ग्रुपवर पाठवते.

पंचवीस_पैसे

हे सगळं ठीक, पण खरं कारण दारू. कोकणात जाणाऱ्या गाड्यांमधून काय निघतं ते ताम्हिणीच्या कडेला बघा.

बोका

प्रत्येक धागा शेवटी दारूवर किंवा मिसळीवर येतोच.

पंचवीस_पैसे

हसण्यावारी नेऊ नका. दोन बिअर घेतलेला माणूस प्रवाहाविरुद्ध पोहणं म्हणजे पुरुषार्थ समजतो.

गाडीवान

न पिणारेही समजतात. आमच्या ऑफिसातले ट्रायथलॉनवाले बघा.

संपादक

दारूबंदीवर धागा वेगळा आहे, तिकडे चला. इथे पाण्यावरच बोलू या.

चहाबाज

संपादकांचं वाक्य फ्रेम करून लावावं.

अन्नपूर्णा_नव्हे

मुल्कीचं खाणं कुणी लिहिलंच नाही? सकाळी पाण्यातून आल्यावर नीर डोसा आणि नारळाची चटणी. मांसाहारी असाल तर कोरी रोटी, वर कोंबडीचा पातळ रस्सा ओतलेली. आधी कडक असते, मग भिजते. खायची घाई नको. गाडीने जाऊ नका, पनवेलहून कोकण रेल्वे धरा, मुल्कीलाच स्टेशन आहे. तुमची गाडी थांबत नसेल तर मंगळूर किंवा उडुपीला उतरा. चार दिवस खांदे वापरून झाल्यावर परतीला स्टिअरिंग धरवत नाही म्हणतात.

वल्हेवाली

म्हणतात नाही, धरवतच नाही. शर्ट काढायला दुसरा माणूस लागतो.

सहकारनगरचा_मासा

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. आईला सांगितलं. ती पहिल्यांदा काहीच बोलली नाही, मग डॉक्टरांचा प्रतिसाद दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, ‘तुमच्यातल्या किती जणांना हे छाती दाबणं येतं?’ एकालाही येत नाही. आता शनिवारी चौघं प्रशिक्षणाला जातोय. कोल्लूरही करायचं ठरलंय, आईने नवस बोलून टाकला.

सर्फ स्कूलला फोन करून विचारलं की रिपबद्दल काय शिकवता. ते म्हणाले, पहिला तास वाळूवरच, पाणी बघण्याचा. रिप दाखवतात, कुठे उतरायचं नाही ते दाखवतात आणि मग बोर्ड देतात.

दोन शंका उरल्यात. एक, कमरेभर पाण्यात असताना आपण बाजूला वाहत चाललोय हे कळतं का? दोन, पालथं पडून वल्हवत असताना समोरून लाट आली तर?

वल्हेवाली

एक: आपलं आपल्याला कळत नाही. पाणी इतकं बेमालूम सरकवतं की दहा मिनिटांनी वर बघावं तर आपली छत्री दुसऱ्याच गावाला गेलेली असते. त्यासाठी उतरायच्या आधी किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धर, पुढे एखादी झोपडी आणि बरोबर तिच्या मागे एखादा उंच माड. पाण्यात असताना दर लाटेनंतर बघायचं. माड झोपडीच्या उजवीकडे दिसायला लागला की तू उजवीकडे सरकलायस. बाहेर ये, चालत मूळ जागी जा, परत उतर. पाण्यातून चालत मागे यायचा खटाटोप नको, त्यात मांड्या जातात. आणि हे बाजूचं वाहणं बहुतेक वेळा रिपच्या तोंडाकडेच नेत असतं, तेव्हा कंटाळा करायचा नाही.

दोन: छोटी लाट असेल तर छाती उचलून हातांवर जोर दे, पाणी तुझ्या आणि बोर्डच्या मधून निघून जाईल. मोठी असेल तर कडा घट्ट धरून बोर्डसकट उलटा हो, म्हणजे तू खाली, बोर्ड वर. लाट गेली की परत पलटी. हे पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यातच करून बघा, नाकात पाणी जाणार हे धरून चला. बोर्ड तुझ्या आणि येणाऱ्या लाटेच्या मधे आडवा कधीच धरू नकोस, लाट तो थेट पोटात घालते. आणि मागे दुसरं कुणी असेल तर बोर्ड भिरकावून डुबकी मारायची नाही, लीशची लांबी धरून तो बराच लांब फिरतो.

शंकेखोर

आणि एवढं करूनही भीती वाटली तर?

वल्हेवाली

तर वाटू दे. घाबरलेला माणूस बोर्ड घट्ट धरतो, मला तो चालतो.

सिडनीची_सुमा

मासा, टोळीतला एक जण आळीपाळीने वाळूवर बसवा. किनाऱ्यावरून दिसतं ते पाण्यातून दिसत नाही. आणि वर फिजिक्सकाकांनी लिहिलेलं ‘शांत पट्टा’ जरा जपून वापरा. सगळेच रिप शांत आणि गडद दिसत नाहीत. काहींचं पाणी खळबळलेलं, वाळूने गढूळ झालेलं आणि फेस बाहेर घेऊन जाणारं असतं. काही तर एखाद्या मोठ्या सेटनंतर अचानक तयार होतात आणि थोड्या वेळात विरून जातात, ते आधी दिसतच नाहीत.

निवृत्त_फिजिक्स

मान्य. भर घातल्याबद्दल धन्यवाद.

हर्णैकर

पंचांग काढून बघितलं. दिवाळीची अवस धरली तर मासा आणि मंडळी आठवड्याने, म्हणजे कार्तिक शुद्ध अष्टमीच्या मागेपुढे पोचणार. भांगाचे दिवस, खाडीच्या तोंडाचा जोर त्यातल्या त्यात कमी. लाटांचं मात्र तिथीवर नसतं, ते तिथेच जाऊन बघा. परतीला वेळ असेल तर खेडला उतरा, हर्णैच्या लिलावातली सुरमई घेऊन जा, आईचा राग उतरेल.

कोथरूडची_काकू

नवसाच्या आठवड्यात सुरमई?

हर्णैकर

मग पुढच्या आठवड्यात या. बर्फ घालून देतो.